गायरान ‘पडीक’ नाही! खड्डे खोदण्याआधी गवताच्या मुळाकडे बघा

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीची धांदल सुरू होते आणि पहिली नजर जाते गायरानावर. जागा मोकळी, वर झाड नाही, कागदावर ‘पडीक’. पण सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्वेकडचा सगळाच माळ काही झाडं तोडून झालेला नाही. पाऊस कमी, वर वीतभर माती, खाली मुरूम. अशा ठिकाणी गवतच टिकतं.

गवताचा खरा पसारा जमिनीखाली असतो. तंतुमुळांचं जाळं माती धरून ठेवतं. त्यातली बरीच मुळं दरवर्षी मरतात, कुजतात. त्यातून सेंद्रिय कर्ब मातीत जातो, माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतं. वरून मेंढरांच्या लेंड्या पडतात त्या वेगळ्याच. जेसीबीने चर काढले की ही वीण तुटते. मुरूम वर येतो आणि त्यावर पुन्हा चांगलं गवत धरायला वर्षं जातात. मग लावतात काय, तर बहुतेक गिरिपुष्प, कारण जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत! बांधावर, हिरवळीच्या खतासाठी ते उत्तमच. माळावर मात्र त्याच्या सावलीत उन्हाचं गवत मागे पडतं.

दोष फक्त लागवडीचा नाही. मारवेल, पवन्या, शेडा ही गोड गवतं मेंढरं आधी खातात. बी धरायच्या आतच ती खुडली गेली की मुळांत बळ उरत नाही आणि कुसळ माजतं. कुसळाचं बी मोठं हुशार. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ सुटतो, ती फिरते आणि बी मातीत घुसतं. तेच मेंढराच्या लोकरीत आणि तोंडात रुततं. कुसळ वाढलं म्हणजे माळ थकला, हे जुन्या धनगराला सांगावं लागत नाही.

अडचण इथेच आहे. निम्मं गायरान लागवडीसाठी बंद केलं तर तेवढीच मेंढरं उरलेल्या निम्म्यावर येतात आणि तेही थकतं. हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. चारा गावालाच मिळाला. फिरत्या मेंढपाळाला तो मार्ग पुरत नाही. त्याच्यासाठी माळाचे तुकडे आळीपाळीने, पावसाळ्यात गवताला बी धरेपर्यंत राखणं जास्त जमण्यासारखं आहे.

लागवडीचा ठराव ग्रामसभेत आला तर तीन गोष्टी विचारायलाच हव्यात : चर किती एकरांवर, झाडं कोणती आणि तोवर मेंढरं चरणार कुठे?