लाकूडतोड्यालाही बोलू द्या!

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या स्नेहसंमेलनातले ते नाटुकले तुम्ही पाहिलेच असेल. कदाचित त्यात कामही केले असेल. हिरव्या कागदाची पाने चिकटवून चार मुले झाडे झालेली असतात. एकजण पिवळ्या सदऱ्यावर काळे पट्टे ओढून वाघ झालेला असतो. इतक्यात कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकूडतोड्या येतो. झाडे रडतात, वाघ रडतो, वनदेवी प्रकट होते, दोन कडवी गाते आणि लाकूडतोड्या कुऱ्हाड फेकून देतो. पडदा पडतो, टाळ्या होतात.

पाच मिनिटांत माणूस सुधारला! पण हा लाकूडतोड्या कोण, तो जंगलात का आला, आणि कुऱ्हाड फेकून दिल्यावर त्या रात्री त्याच्या घरची चूल कशावर पेटली, हे कोणीच विचारीत नाही. शहरातल्या सभागृहात असे नाटक खपून जाते. तेच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूच्या एखाद्या गावात पारावर करून पाहा. समोर बसलेल्यांत कित्येक जण त्याच दिवशी सरपणाची मोळी आणून आलेले असतील. ज्याला तुम्ही खलनायक केले, तोच तुमचा प्रेक्षक!

निसर्गरक्षणासाठी गाणी-नाटके करूच नयेत, असे मला म्हणायचे नाही. ती जरूर करावीत. मात्र त्यांत लाकूडतोड्यालाही बोलू द्यावे, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देता येईल एवढी माहिती आपण आधी गोळा करावी, असे माझे मत आहे.

पांढरकवड्याचे नाव मी मुद्दाम घेतले. त्याच्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. साग, तेंदू, मोह यांचे हे पानझडी जंगल सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे आहे. नकाशावर बारा किलोमीटर बाजूचा एक चौरस काढा. साधारण तेवढेच ते भरेल. भोवती कपाशीची शेते, गावे आणि कोलाम लोकांच्या वस्त्या आहेत. या वस्त्यांना 'पोड' म्हणतात. अभयारण्याबाहेरच्या पांढरकवडा–राळेगाव पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे मेली. त्यांपैकी तेरा मृत्यूंचा ठपका 'टी-१' ऊर्फ 'अवनी' या वाघिणीवर ठेवण्यात आला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तिची दोन पिल्ले तेव्हा वर्षाच्या आतली होती. शहरांत तिच्यासाठी निषेध झाले, तर त्या गावांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. वाघिणीसाठी हळहळणारे आणि घरचा माणूस गमावलेले असे दोघेही ज्या नाटकाला शेवटपर्यंत बसून राहतील, ते नाटक खरे. असे नाटक लिहिणे सोपे नाही, हे मान्य. पण अवघड प्रयोग टाळून विज्ञान शिकता येत नाही, हे आपण प्रयोगशाळेत शिकतोच ना?

या कामासाठी लागणारी साधने आपल्याकडे फार जुनी आहेत. दिवाळीच्या सुमारास यवतमाळच्या कोलाम आणि गोंड वस्त्यांत दंडारीचे वाद्य वाजू लागते. नाच, गाणी आणि सोंगे यांचा हा खेळ संबंध गावाचा असतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही दंडार आहे आणि तिथल्या रंगभूमीची पाळेमुळे तिच्यात आहेत. दंडारीतला सोंगाड्या मला फार महत्त्वाचा वाटतो. जे बोलायला इतर लोक कचरतात, ते तो हसत हसत बोलून टाकतो. आपल्या निसर्गनाट्यांत वनदेवी असते, पण सोंगाड्या नसतो. म्हणून ती बेचव होतात.

विदर्भाचेच दुसरे उदाहरण गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). हाती झाडू घेऊन आधी गाव स्वच्छ करायचे आणि रात्री कीर्तन करायचे, ही त्यांची रीत. ते कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली प्रश्नोत्तरेच असत. ते साधे प्रश्न विचारीत, लोक उत्तरे देत, आणि देता देता आपली चूक लोकांच्याच ध्यानात येई. चांगल्या विज्ञानशिक्षकाची पद्धत याहून निराळी असते काय?

आता जरा दक्षिणेकडे पाहू. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही विज्ञानप्रसार करणारी संस्था १९६२ साली स्थापन झाली. १९८० मध्ये तिने 'शास्त्र कला जाथा' सुरू केली. कार्यकर्ते गाणी आणि छोटी नाटके घेऊन गावोगाव निघाले. त्या सुमारास तिथे सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्याचा वाद पेटला होता. जलविद्युत प्रकल्पासाठी ते पाण्याखाली जाणार होते. वीज तर लोकांना हवीच होती. तेव्हा परिषदेने आधी निरनिराळ्या विषयांच्या जाणकारांना एकत्र बसवून प्रकल्पाचा तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक हिशेब मांडला. तो १९७९ साली प्रसिद्ध झाला. अनेकांच्या प्रयत्नांनी अखेर तो प्रकल्प मागे पडला आणि १९८४ मध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. पुढे १९८७ साली 'भारत जन विज्ञान जाथा' देशभर फिरली, तीही गाण्या-नाटकांच्या बळावरच. या साऱ्यातून मी एक धडा घेतो: आधी वही, मग ढोलकी.

वहीत काय लिहायचे, असे तुम्ही विचाराल. टिपेश्वरच्या परिसरात सहज सुचणारा एक विषय घेऊ. मोहाची फुले मार्च–एप्रिलच्या सुमारास फुलतात. रात्री उमललेली मांसल, गोड फुले पहाटे टपाटप खाली पडतात आणि गावकरी ती वेचून आणतात. अनेक घरांना त्यातून चार पैसे मिळतात. याच दिवसांत झाडाखाली वाळलेल्या पानांचा थर साचलेला असतो. पाचोळ्यात फुले दिसत नाहीत म्हणून पुष्कळ ठिकाणी तो पेटवून देतात. आग कधी कधी झाडाखालून जंगलात पसरते. मोठे झाड सहसा तगते; पण कोवळी रोपे जळतात, आणि ज्या पानांची माती व्हायची त्यांची राख वाऱ्यावर उडून जाते. मोहाची रोपेही त्यांतच जळतात. मग आजचे म्हातारे मोह पडल्यावर नातवंडांनी फुले कोणत्या झाडाखाली वेचायची?

येथे वाघाचा संबंधही येतो. पहाटे अंधुक उजेडात माणूस ओणवा होऊन फुले वेचत असतो. उभा माणूस वाघाला ओळखू येतो आणि बहुधा तो त्याला टाळतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस मात्र त्याला चार पायांच्या जनावरासारखा भासू शकतो, असे वन्यजीवांचे अभ्यासक सांगतात. म्हणून एकट्याने जाऊ नये, बोलत-गात जावे, चांगले उजाडल्यावर वेचायला लागावे आणि पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारावा किंवा झाडाखाली कापड अंथरावे. हे सारे दोन कडव्यांत बसते, आणि या कडव्यांमुळे एखाद्या घरचे माणूस वाचू शकते.

पण आता सोंगाड्याला उठू द्या. तो म्हणेल, "गुरुजी, उजाडेपर्यंत थांबलो तर निम्मी फुले गुरे आणि हरणे खाऊन जातील. त्याचे काय?" प्रश्न खरा आहे. चारपाच घरांनी मिळून जायचे काय? झाडे वाटून घ्यायची काय? हे गावाने त्याच रात्री, त्याच खेळात बोलावे. सोंगाड्या आणखीही विचारील: "रानडुकरे आणि रोही पीक फस्त करतात, रात्रभर जागल मी करतो, मग वाघ सगळ्यांचा आणि नुकसान तेवढे माझे कसे?" याला गाण्याने उत्तर देता येत नाही. भरपाई वेळेवर मिळणे, सरपणाला दुसरा पर्याय असणे, ही कामे शासनाची आणि समाजाची आहेत. नाटकाने ती गावकऱ्याच्या माथी मारू नयेत. कोणते काम कोणाचे, हे स्पष्ट सांगावे.

अफवांचे उत्तर मात्र विज्ञानाकडे आहे. शेतात वाघ दिसला की, वनखात्याने रात्री गाडीतून आणून सोडला, अशी कुजबुज पुष्कळ ठिकाणी होते. टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाची गोष्ट अशा वेळी सांगावी. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. जून २०१९ मध्ये तो अभयारण्यातून बाहेर पडला आणि शेते, ओढे, रस्ते ओलांडीत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरांहून अधिक चालला. त्याला कोणी आणून सोडले नव्हते. बारा किलोमीटर बाजूच्या त्या चौरसात मोठ्या वाघांनी जागा अडविली की तरुण वाघाला बाहेर पडावेच लागते. वाट शेतांतूनच जाते. हा प्रवास दंडारीच्या तालावर किती रंगेल, याची कल्पना करा!

शिक्षकमित्रांना एक विनंती. कोलामांची दंडार ही त्यांची आहे. आपल्या मुलांना मोरपिसे बांधून तिची नक्कल करू नका. पोडावरच्या जाणत्या माणसांना शाळेत बोलवा, त्यांच्याकडून शिका, आणि कशाचा वापर केलेला त्यांना चालेल ते विचारा. जंगलाविषयी आपल्या पाठ्यपुस्तकात नाही असे पुष्कळ त्यांना ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा खेळाचीही परीक्षा घेऊ. खेळ करण्यापूर्वी गावाबाहेरचे वीस मोह निवडा आणि किती झाडांखाली जाळलेले आहे ते मोजा. पुढच्या हंगामात पुन्हा मोजा. खेळ न झालेल्या शेजारच्या गावीही तशीच मोजणी करा, म्हणजे फरक पावसाने पडला की खेळाने, याचा थोडा अंदाज येईल. फरक दिसला नाही तर गावकऱ्यांना दोष देऊ नका. खेळात काय चुकले ते शोधा आणि तो पुन्हा लिहा.

काही जण म्हणतील, परीक्षा तोंडावर असताना एवढा उद्योग कोणी करायचा? पण वनस्पतिशास्त्र, भूगोल, गणित आणि मराठी हे चार विषय एका मोहाच्या झाडाखाली शिकता येतात, हे त्यांनी विसरू नये. येत्या संमेलनात तेच जुने नाटुकले बसवायचे ठरले, तर निदान शेवट बदला. लाकूडतोड्या कुऱ्हाड फेकण्याआधी वनदेवीला थांबवून विचारू दे: "बाई, माझ्या चुलीचे काय?" उत्तर कोणाला ठाऊक नसेल, तर पडदा तिथेच पाडा आणि दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून ते शोधायला निघा.