छांदिष्टाशी संवाद

छांदिष्ट माणसाचे काय करावयाचे, याचे आपल्या समाजाने एकच उत्तर ठरविले आहे: हसावे आणि पुढे जावे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या वाट्यास हेच आले. सारे अंक समान नसलेली चार-अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे, अंक कमी पडल्यास शून्य धरावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येतेच, हा त्यांचा शोध. ३५२४ घेतल्यास तो तिसऱ्याच पायरीस पटतो. पडताळण्यास पाटी-पेन्सिल पुरेशी होती. तरी अनेक पंडितांनी अशा संशोधनास पोरखेळ ठरविले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकात लिहिल्यावर मात्र त्याचे मोल वाढले!

प्रत्येक छांदिष्ट कापरेकर नसतो, हे खरे. परंतु ‘दाखवा पाहू’ असे विचारल्यावाचून तो निवाडा होणार कसा? हाच प्रश्न भोंदूला उघडे पाडतो आणि साधकाला न्याय देतो. विद्यार्थ्याच्या विचित्र शंकेला ‘हे परीक्षेत नाही’ असे उत्तर देताना, कापरेकरही शिक्षकच होते, याचे स्मरण असावे.