बंगला रविवारचा की मंगळवारचा?

आमच्या ग्रुपमध्ये सध्या एक साथ आलीये. घर बांधायची! ईएमआय, बिल्डरची ‘पझेशन पुढच्या दिवाळीला’ ही कॅसेट आणि पार्किंगवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये होणारी जुंपाजुंपी या सगळ्याला वैतागलेल्या मंडळींना अचानक बाबांनी कधीकाळी घेऊन ठेवलेला प्लॉट आठवायला लागलाय. लंच टाइममध्ये ‘गुंठा’ हा शब्द कानावर पडतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे आता फ्रेशर्सनाही पाठ झालंय. आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक फोल्डर असतो. ‘ड्रीम होम’ नावाचा.

या फोल्डरमध्ये काय सापडतं? डबल हाइटचा हॉल. अख्खी काचेची भिंत. आयलंड किचन. कठडा नसलेला तरंगता जिना (लहान मूल घरात असलेल्यांच्या फोल्डरमध्येही!). फोटोत उन्हाची तिरीप असते, एक महागडी कुंडी असते... आणि माणूस मात्र एकही नसतो. मग एका शनिवारी हा फोल्डर घेऊन आर्किटेक्टसमोर बसायचं आणि म्हणायचं, ‘मॅडम, अस्संच हवंय!’

माझ्या एका मैत्रिणीने डिट्टो हेच केलं. ती आणि तिचा नवरा, दोघंही हिंजवडीत. मुलगी पहिलीत. तळेगावला सासऱ्यांनी नव्वदच्या दशकात घेतलेला तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट. काही रक्कम होम लोनमधून आणि उरलेली सासऱ्यांच्या फंडातून, असा हिशोब. राहणार सगळे एकत्रच, पाच जण.

आर्किटेक्टबाईंनी फोल्डर शांतपणे बघितला, मोबाइल परत दिला आणि विचारलं, ‘गेल्या मंगळवारी तुमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय झालं, ते सांगा.’

आता मंगळवारी काय होणार? काहीच नाही. पण सांगायला बसल्यावर यादी वाढतच गेली. साडेपाचला बाबा उठतात, चहा टाकतात, भांडी वाजतात आणि रात्री अकरापर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असलेला मुलगा उशीत डोकं खुपसतो. साडेसातला स्कूल व्हॅन. त्याआधी एका बाथरूमसाठी तीन उमेदवार. दिवसभरात कुरिअरवाले तीन वेळा. दोघांचं वर्क फ्रॉम होम असलं, की एक जण डायनिंग टेबलवर आणि दुसरी चक्क बेडवर. आई दुपारी गहू निवडायला हॉलमध्ये खाली बसतात, कारण प्रकाश तिथेच चांगला. आणि पावसाळ्यात पाच माणसांचे कपडे? पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर!

या सगळ्याला फोल्डरमधल्या घरात जागाच नव्हती. ते घर होतं रविवारचं, तेसुद्धा पाहुणे येणार असलेल्या रविवारचं. आठवड्याचे बाकीचे दिवस त्यात राहायचं कुणी, हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता.

खरा घोळ पुढे होता. नवऱ्याने स्वतःच कागदावर एक प्लॅन आखून आणला होता. खाली डबल हाइटचा हॉल, किचन, गेस्ट बेडरूम. वर तीन बेडरूम, त्यातली एक आई-बाबांची. बाईंनी विचारलं, ‘गेस्ट रूममध्ये कोण राहणार?’ उत्तर आलं, नणंद येते दिवाळीत, चार दिवस. ‘आणि गुडघे कुणाचे दुखतात?’

आई लगेच म्हणाल्या, ‘अगं, मी चढेन की हळूहळू. तुमची हौस आहे ना!’ बाबांचं उत्तर त्याहून छोटं. ‘घर तुमचं आहे, तुम्ही ठरवा.’ ज्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीतून स्लॅब पडणार, ते हे बोलत होते. मैत्रीण म्हणते, तेव्हा तिला काय उत्तर द्यावं सुचलंच नाही.

बाईंनी मग आकडेच मांडले. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली, तर सात इंचाच्या अठरा पायऱ्या होतात. सहा इंचाची, गुडघ्यांना सोसेल अशी पायरी हवी असेल, तर एकवीस. म्हणजे जिना लांबला, जागा जास्त गेली. आणि औषध, चष्मा, देवपूजा, दारावरची बेल असं करत दिवसातून सहा वेळा खाली-वर झालं, तर चढायच्याच सव्वाशे पायऱ्या! दुसरा आकडा बाथरूमच्या दाराचा. आपल्याकडे ते सर्रास अडीच फुटी ठेवतात. चौकट वजा जाता हातात उरतात पंचवीसेक इंच. उद्या व्हीलचेअर आणायची वेळ आली, तर ती दारातच अडकणार. तेच दार तीन फुटी केलं, तर खर्चात काय फरक पडतो? नगण्य. पण हे आत्ता, कागदावर. नंतर भिंत फोडा, टाइल्स काढा, चौकट बदला... घर म्हातारं होत नाही, आपण होतो, हे तिशीत कुणाला पटत नाही, हीच गोची आहे.

डबल हाइटवरून मात्र महिनाभर महाभारत झालं. नवऱ्याची ती एकच अट होती. छत उंच म्हणजे घर गार, हा त्याचा फंडा. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. जुलैत निदान ढग असतात, मेमध्ये स्लॅब नुसता भाजून निघतो. त्या स्लॅबवर चांगलं वॉटरप्रूफिंग आणि उष्णता अडवणारा थर दिला, तर जे साधतं, ते नुसत्या उंचीने साधत नाही. शिवाय वरची एक आख्खी खोली त्या पोकळीत जाते. आणि जळमटं कोण काढणार, हा आईंचा प्रश्न तर बिनतोडच!

जाता जाता काचेच्या भिंतीचंही सांगते. ती कुठल्या दिशेला, यावर सगळं आहे. दक्षिणेचा सूर्य आपल्याकडे बऱ्यापैकी उंचावरून जातो, साध्या छज्जानेही आवरतो. पश्चिमेचा मात्र संध्याकाळी आडवा होऊन थेट सोफ्यावर येतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. पावसाचा माराही मुख्यतः त्याच बाजूने. मैत्रिणीच्या प्लॉटवर रस्ता पश्चिमेला, म्हणून फोल्डरमधली काच नेमकी तिथेच येणार होती! आता तिथे जिना आणि स्टोअर आहेत. वास्तुवाल्या काकांनीही नैर्ऋत्येला जड बाजू ठेवा असंच सांगितलं, त्यामुळे घरात पहिल्यांदाच विज्ञान आणि काका यांचं एकमत झालं. स्वयंपाकघर आग्नेयेला, हेही दोघांना मंजूर. सकाळचं ऊन मिळतं आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर फोडणीचा वास घरभर न फिरता बाहेर पडतो. (सगळ्याच नियमांचं असं जमत नाही. एका ओळखीच्यांनी दिशा साधायच्या नादात टॉयलेट किचनमधून काढलंय. असो.)

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळून चालणार नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए ऑर्डर, भूमी अभिलेखकडून मोजणी आणि हद्दीच्या खुणा, मंजूर नकाशा. स्वतः बांधायच्या घराचं लोन बँक टप्प्याटप्प्याने देते, काम जसं पुढे जाईल तसं. तोपर्यंत चालू घराचं भाडंही भरायचंच असतं, हे एक्सेल शीटमध्ये आधीच धरा. आणि नकाशा काढण्याआधी जमिनीत खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघा. मुरूम लागला तर नशीबवान. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे देते, तेव्हा पायाचा खर्च वाढतो. हे स्ट्रक्चरल इंजिनीअरचं काम आहे. ‘आमचा गवंडी तीस वर्षं बांधतोय’ हे त्याला उत्तर होऊ शकत नाही.

शेवटी काय ठरलं? डबल हाइट गेली. खाली आई-बाबांची खोली आली, तीन फुटी दाराच्या बाथरूमसकट. वरच्या वाचलेल्या जागेत उत्तरेला खिडकी असलेली एक दहा बाय दहाची खोली, दार बंद होणारी, रात्रीच्या कॉल्ससाठी. नवरा आधी रुसला होता, आता त्याच खोलीचे फोटो जमवतोय. किचनबाहेर छप्पर असलेली ओली जागा, पाच माणसांचे कपडे वाळतील एवढी. आयलंड गेलं, त्याऐवजी ओट्याची उंची 34 इंच ठेवली, कारण सासू-सून दोघी मोजून घेतल्या आणि तिथेच दोघींचे कोपर खूश झाले.

आणि तिसऱ्या की चौथ्या मीटिंगला बाईंनी बाबांना थेट विचारलं, ‘काका, तुम्ही अजून काहीच मागितलं नाहीत.’ बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, ‘दारापुढे बसायला एक ओटा असता तर... गावाकडं होता. संध्याकाळी माणसं यायची.’

एवढंच! सहा फूट लांब, दीड फूट उंच, दगडाचा ओटा. कुणाच्याच फोल्डरमध्ये तो नव्हता. पण पूर्वेला सावली संध्याकाळी मिळणार आणि रस्ता तर पश्चिमेला, मग माणसं दिसणार कशी? ओट्यासाठी प्रवेशाची बाजू पुन्हा आखली, पश्चिमेला पडवी वाढवली, जिना दोन फूट आत सरकला. नकाशा तेव्हा मंजुरीला गेला नव्हता म्हणून हे फुकटात झालं, बाईंच्या दोन रात्री सोडल्या तर.

सध्या जोतं भरून झालंय. पुढचा मोठा टप्पा स्लॅबचा आणि त्याआधी विजेच्या पाइपांच्या जागा पक्क्या करायच्यात, कारण ते स्लॅबच्या आतून जातात. बेड कुठे, पंखा कुठे, इंटरनेटचा राउटर कुठे, सगळं ठरलंय. फक्त टीव्ही कुठल्या भिंतीवर, यावर पाच जणांची पाच मतं आहेत. येत्या मंगळवारी मीटिंग आहे म्हणे.