मोबाइलवरच्या रिकाम्या चौकटी



फवारणीचे वेळापत्रक हल्ली पीडीएफ होऊन मोबाइलवर येते. उघडून पाहावे तर मजकूर नीट दिसतो, पण मधूनमधून नुसत्या रिकाम्या चौकटी. फोन बिघडवला म्हणून घरातल्या पोरांवर डाफरू नका. कारण निराळेच आहे.

इमोजी आपल्याला चित्र वाटते, पण कागदपत्रात ते अक्षरासारखे असते. त्याचा फक्त ठरलेला क्रमांक जातो. चित्र काढायचे ते तुमच्या फोनमधल्या फॉन्टने, नाही तर पीडीएफ करताना आत भरलेल्या फॉन्टने. जुन्या छापखान्यात एखाद्या अक्षराचा खिळा नसला की जुळाऱ्याचे काम अडे, तसेच हे. फॉन्टमध्ये चित्र नसले की त्या जागी चौकट उमटते.

ही चिन्हे एकदम आलेली नाहीत. ट्रॅक्टर २०१० साली युनिकोडच्या यादीत आला, आपल्या कांद्याला मात्र २०१९ पर्यंत थांबावे लागले!

कांदा दिसला नाही तर हसून सोडता येईल. पण कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण आठवा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. समजा, कुणी वेळापत्रकात हे रंग गोल टिकल्यांनी दाखवले. लाल व निळी टिकली २०१० ची, पिवळी व हिरवी २०१९ ची. जुन्या फोनवर पिवळी आणि हिरवी या दोघींच्या जागी सारखीच चौकट येईल. एक जहालपणात दुसरी, एक सर्वांत सौम्य, आणि ओळखायचे कसे?

चौकटीतला आकडा याहून फसवा. आकडा आणि भोवतीची चौकट या दोन खुणा जोडून तो बनतो. जोड बसली नाही की दोनाच्या शेजारी रिकामी चौकट उभी राहते. घाईत पाहणाऱ्याला ते वीस वाटायचे. दोन मिलीच्या जागी वीस मिली!

तेव्हा पाठवणाऱ्याने रंग आणि मात्रा अक्षरांत लिहावी. फुले, जोडलेले हात खुशाल टाकावेत. ते गळाले तरी कुणाचे बिघडत नाही. ज्याच्याकडे चौकटी आल्या असतील त्याने पाठवणाऱ्याकडून त्या पानाचा स्क्रीनशॉट मागवावा. तो फोटोच असल्याने त्याला फॉन्ट लागत नाही. तोवर पंप भरू नये, आणि रंग व मात्रा डब्यावरच्या लेबलावरून पडताळून घ्यावी.