तळे खोदण्याआधी पायरी ठरवा

पारा पंचेचाळीसला टेकला की नागपूरकराला पाणी आठवते. हिंगणा, कळमेश्वर, उमरेडच्या वाटेवर ज्यांनी फार्महाऊससाठी जागा घेतली आहे, त्यांना बोअर आणि आंब्याची कलमे झाली की पुढची हौस तळ्याची सुचते. जेसीबी बोलावला की खड्डा होतो, प्लॅस्टिकची पन्नी अंथरणारे कारागीर सहज मिळतात. मग त्याच तळ्यात पोरांनी डुंबावे, त्यातच रोहू-कटला वाढावेत आणि त्यावरच बागही जगावी, असा तिहेरी बेत ठरतो. हौस गैर नाही. पण शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात येतात आणि त्यातली बहुतेक तळी याच पद्धतीने बांधलेली असतात. म्हणून हा बेत आखण्याआधी तळ्याचे गणित नीट समजून घ्यायला हवे.

ही पद्धत आली शेतातून. २०१६ साली राज्य सरकारने 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू केली. पुढे वैयक्तिक शेततळ्यासाठीच्या अनुदानाची मर्यादा ७५ हजार रुपयांपर्यंत गेली. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात तर अस्तरीकरण केलेले तळे म्हणजे आंबिया बहाराचा विमाच. जानेवारी-फेब्रुवारीत फुटलेला बहार एप्रिल-मे काढू शकला तरच फळ हाती लागते आणि नेमक्या त्याच वेळी विहिरी तळ गाठतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात साठवलेले पाणी तेव्हा कामी येते. फार्महाऊसवाल्यांनी उचलला तो हाच आराखडा, फक्त हेतू बदलला. पाणी साठवण्यासाठी आखलेली वस्तू माणसांनी आत उतरण्यासाठी वापरायची, तर आराखडाही बदलायला हवा होता. तो बदलला नाही.

योजनेतले १५ बाय १५ मीटर तोंडाचे आणि ३ मीटर खोलीचे लहान तळे घेऊ. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळाशी ९ बाय ९ मीटर जागा उरते आणि तळ्यात ४४१ घनमीटर, म्हणजे सुमारे साडेचार लाख लिटर पाणी मावते. त्यासाठी काठावर दाबायच्या पट्टीसह साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास पन्नी लागते. आयएस १५३५१ मानकाची ५०० मायक्रॉनची पन्नी यासाठी वापरतात. हलकी पन्नी स्वस्त पडते, पण विदर्भाच्या उन्हात उघडी राहिलेली कड लवकर कडक होऊन तडकते.

पन्नी टिकते ती खालच्या तयारीवर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून बाजू चोपून, दगड-गोटे आणि मुळांची खुंटे काढून, वर बारीक मुरूम किंवा मातीचा मऊ थर द्यावा लागतो. अंथरताना पन्नी ताणायची नाही. पाणी भरले की ती खड्ड्याच्या अंगाने बसते आणि ताणलेली असली तर सांध्यावर उसवते. काठावर सभोवार चर खणून तिची कड त्यात मातीखाली गाडतात. पुढे घुशी, भटकी कुत्री आणि पाण्याच्या वासाने येणारे रोही यांच्यापासून ती जपावी लागते. खुराचा एक घाव तळे रिकामे करायला पुरतो.

पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. नागपूरला वर्षाला सरासरी अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २२५ चौरस मीटरच्या तळ्यात आभाळातून थेट पडणारे पाणी झाले सुमारे २५० घनमीटर, म्हणजे तळ्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. काठ उंचावलेले असल्याने शिवारातले वाहते पाणी आत येत नाही. मे महिन्यात रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जाते असे धरले, तर भरलेल्या तळ्यातून दिवसाला सव्वादोन हजार लिटर पाणी हवेत जाते. माणशी १३५ लिटरच्या शहरी मापाने पाच जणांच्या तीन कुटुंबांची गरज भागेल एवढे हे पाणी. ही तूट बोअरच्या पाण्याने भरून काढायची, तर जमिनीतले झाकलेले पाणी उपसून उन्हात ठेवण्यासारखे आहे, आणि पन्नीमुळे त्यातला थेंबही परत मुरत नाही. शंभर चौरस मीटरच्या छतावरून पावसाळ्यात ऐंशी-नव्वद घनमीटर पाणी मिळू शकते. तळे बांधायचेच तर छताचे पन्हाळे आधी त्याला जोडावे आणि तळ्याचा आकार त्या पाण्यावरून ठरवावा.

आता मासे. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकलीच्या रूढ प्रमाणाने या तळ्यात शंभर ते दोनशे मासे सोडता येतात. कटला, रोहू आणि मृगळ अनुक्रमे पाण्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरात चरतात, म्हणून ही तिन्ही बरोबर सोडतात. साचलेल्या पाण्यात ती वीण घालत नाहीत. त्यामुळे बीज दर पावसाळ्यात विकत आणावे लागते. ते आणताना बंदी असलेला थाई मांगूर गळ्यात पडणार नाही, एवढे पाहावे. पन्नीच्या तळ्याची खरी अडचण अशी की तळाशी माती नसल्याने माशांचे नैसर्गिक खाद्य फारसे तयार होत नाही. मग शेणखत टाकून पाणी हिरवे करतात, वर कोंडा आणि पेंड देतात. हिरव्या पाण्यातला प्राणवायू रात्रभर खर्च होतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. पाणी जितके कमी आणि कोमट, तितका हा धोका मोठा.

पोहणाऱ्याला हवे ते याच्या नेमके उलट. त्याला शेण नको, शेवाळ नको, माशांची विष्ठा नको. पाणी निवळावे म्हणून क्लोरिन टाकले तर मासे मरतात आणि नाही टाकले तर कोमट साचलेले पाणी नाकातोंडात जाते. केरळात कोझिकोड परिसरात २०२४ साली तळ्यात पोहलेल्या मुलांना मेंदूचा अमीबाजन्य संसर्ग झाला होता. असा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जिवावर बेततो. क्लोरिनविना पोहण्याची तळी ऑस्ट्रियात १९८०च्या दशकापासून बांधली जात आहेत. तिथे तळ्याचा मोठा भाग पाणवनस्पतींसाठी राखून पाणी त्यातून फिरवतात आणि मासे शक्यतो ठेवतच नाहीत. आपल्याकडेही कमळ किंवा पाणकणीस वेगळ्या वाफ्यात लावून हे जमेल. पाणकणसाची मुळे पन्नीत घुसतात, तेव्हा वाफा वेगळाच हवा. पण मग माशांचा नाद सोडावा लागेल.

तिन्ही हेतू एकमेकांच्या आड येतात ते मे महिन्यात. बागेला पाणी हवे म्हणून उपसा वाढतो, माशांना खोल पाणी हवे असते ते घटते आणि शाळांना सुटी लागल्याने मुले तळ्याकडे वळतात. समजा पाणी दीड मीटर उतरले आहे. खाली अजून दीड मीटर पाणी आहे, दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जाईल एवढे. वर दोन मीटरहून लांब उघडी पन्नी आहे, पंचेचाळीस अंशांच्या उतारावर, शेवाळाने बुळबुळीत. तिला ना खाच, ना झुडूप, ना दगड. आत गेलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. दमतो आणि बुडतो. त्याला काढायला उतरणाराही त्याच घसरगुंडीवरून खाली जातो. एकाच तळ्यात दोन-तीन सख्खी भावंडे किंवा बाप-लेक एकदम जाण्याच्या बातम्यांमागे बहुधा हेच असते.

पूर्व विदर्भाला तळी नवीन नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. कोहळी समाजाने ते बांधण्यात हयाती घातल्या, धानाची शेती त्यांच्यावर पोसली आणि ढिवरांनी त्यांत मासेमारी केली. त्या तलावांत एका बाजूला पाळ आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू खोल होत जाणारी जमीन असे. गुरे, बाया, पोरे पाण्यात शिरत ती त्या उथळ बाजूने. त्यांतही माणसे बुडत, आजही बुडतात, पण काठाला पाय टेकायला माती असते. पन्नीने गळतीचा प्रश्न सोडवला आणि त्याच वेळी हा उथळ काठ काढून घेतला. मालगुजारी तलावांना सांडवाही विचारपूर्वक ठेवलेला असे. जास्तीच्या पाण्याला वाट नसली की काय होते, हे सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले तेव्हा नागपूरने पाहिले आहे. परसातले तळेही पहिल्या मोठ्या पावसात शेजाऱ्याच्या पायव्यात रिकामे होऊ नये, यासाठी त्याला सांडवा लागतोच.

म्हणून हौस असणाऱ्यांनी आधी एक हेतू निवडावा. पोहायचे असेल तर खोली सव्वा ते दीड मीटर पुरे, पायऱ्या विटा-सिमेंटच्या, एक बाजू तीनास एकाहून सौम्य उताराची आणि मासे नकोत. मासे हवे असतील तर खोली अडीच मीटर चालेल, पण मग ते तळे माणसासाठी बंद. सभोवार तारेचे कुंपण, फाटकाला कुलूप. दोन्ही प्रकारांत चारही बाजूंना तळापर्यंत गाठी मारलेले दोर सोडावेत, हवा भरलेल्या दोन ट्यूब पाण्यावर बांधून ठेवाव्यात आणि डासांसाठी माशांच्या तळ्यात गप्पी मासे आणि पोहण्याच्या तळ्यात पाण्याची हालचाल असावी. हा सगळा खर्च पन्नीच्या तुलनेत किरकोळ आहे.

सरकारलाही यात करण्यासारखे आहे. शेततळ्याचे अनुदान आकारमानावर ठरते, म्हणून मोजणीला येणारा कर्मचारी लांबी, रुंदी आणि खोली पाहतो. त्याच फेरीत त्याने बाहेर येण्याची वाट, दोर आणि कुंपण पाहावे आणि ते नसेल तर अनुदान थांबवावे. शहरालगतच्या फार्महाऊसना अनुदान नसते, पण बांधकामाची परवानगी लागते. ती देताना नकाशात तळे दाखवले असेल तर त्याचा काठ, सांडवा आणि पाण्याचा स्रोतही विचारावा. खासगी हौसेत सरकारने नाक खुपसू नये, हे खरे. पण शेजारच्या वस्तीतले पोर जिथे सहज पोहोचते आणि जिथले पाणी साऱ्या शिवाराच्या बोअरमधून येते, ते तळे पूर्णपणे खासगी राहत नाही.