'असंच असतं' हे उत्तर नव्हे

गेल्या उन्हाळ्यात ऑफिसच्या सॉफ्टबॉल टीममध्ये मी कॅचर व्हायची इच्छा व्यक्त केली. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचाच धाकटा भाऊ, चेंडू मात्र मोठा. कॉलेजात मी चार वर्षं विकेटकीपिंग केलंय. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू अडवणं हे एकच काम मला या खेळात खात्रीने जमलं असतं. कॅप्टनने माझ्या डाव्या हाताकडे बघितलं आणि हसत सांगितलं, डावखुरे कॅचर नसतात. मी विचारलं, का नसतात? तर म्हणे, "बेसबॉलमध्ये असंच असतं." मग उन्हाळाभर मी राइट फील्डमध्ये उभा राहिलो. तिथे चेंडू क्वचितच येतो आणि विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

पिट्सबर्गला येऊन मला पाच वर्षं झाली. बेसबॉल बघायला लागलो तेव्हा कुणीही नवखा विचारेल तेच प्रश्न मी विचारले. शॉर्टस्टॉप कधीच डावखुरा का नसतो? सगळ्यांत चांगला राखीव पिचर सामना हातातून जात असताना बाकावर का बसलेला असतो? एक गडी मुद्दाम बाद करून धावपटूला पुढे सरकवण्यात काय शहाणपण आहे? उत्तरं देणारे दोन प्रकारचे भेटले. जुन्या वळणाचे म्हणतात, असंच असतं. नव्या वळणाचे म्हणतात, डेटा असं सांगतो. पहिल्याला आपण परंपरावादी म्हणतो आणि दुसऱ्याला शास्त्रीय, पण दोघंही प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवतात. माझं म्हणणं असं आहे की नवख्याचा प्रश्न ही खेळाची खरी तपासणी असते. ज्या प्रथेला त्या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नाही, ती प्रथा संशयास्पद आहे.

आधी प्रथेच्या बाजूने बोलतो, म्हणजे मी नुसताच कुरकुरतोय असं वाटणार नाही.

बेसबॉलचं मैदान चौकटच्या पत्त्यासारखं असतं. खालच्या टोकाला फलंदाज, त्याच्या उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा. धावपटू नेहमी घड्याळाच्या उलट्या दिशेने पळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये शॉर्टस्टॉप उभा असतो. जमिनीवरून आलेला चेंडू उचलून धावपटू पोचायच्या आत पहिल्या बेसकडे फेकणं हे त्याचं मुख्य काम. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआप पहिल्या बेसकडे वळलेला असतो, त्यामुळे उचलला की फेकला. डावखुऱ्याला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं. त्यात अर्धा सेकंद जरी गेला तरी धावपटू सुखरूप पोचतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूंनाही साधारण हेच लागू पडतं. उलट पहिल्या बेसवर डावखुरा फायद्यात असतो. त्याचा ग्लव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला येतो आणि दुसऱ्या बेसकडे फेकताना त्याला वळावं लागत नाही. हे उत्तर मला पटलं. ही भूमिती आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही.

आता कॅचर. इथेही अशीच भूमिती सांगितली जाते. डावखुऱ्या कॅचरचा फेकायचा हात उजव्या फलंदाजाच्या बाजूला येतो, म्हणून दुसरा बेस चोरणाऱ्या धावपटूला बाद करताना मध्ये फलंदाज येतो. ठीक. पण मग फलंदाज डावखुरा असला की उजव्या कॅचरचीही नेमकी तीच अडचण होते आणि मेजर लीगमध्ये दहांतल्या साधारण चार वेळा समोर डावखुरा फलंदाज असतो. तेव्हा कुणी उजव्या कॅचरला घरी पाठवत नाही. तिसऱ्या बेसकडे फेकताना डावखुऱ्याला वळावं लागतं, हे खरं. पण तिसरा बेस चोरायचा प्रयत्न दुसऱ्यापेक्षा फारच कमी वेळा होतो. आणि आमच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये तर बेस चोरायला मुळात परवानगीच नाही! म्हणजे मला ज्या कारणांनी राइट फील्डमध्ये धाडलं, त्यांतली दोन कारणं आमच्या नियमांत अस्तित्वातच नव्हती.

इतिहासात डावखुरे कॅचर झालेत. एकोणिसाव्या शतकात जॅक क्लेमेंट्स नावाचा डावखुरा हजारावर सामन्यांत कॅचर होता, तेही बरीच वर्षं फिलाडेल्फियाकडून. त्यानंतर उरतात ती तुरळक नावं. १९५८ मध्ये डेल लाँग दोन सामने, १९८० मध्ये माइक स्क्वायर्स दोन सामने आणि १९८९ मध्ये आमच्याच पिट्सबर्गचा बेनी डिस्टेफानो तीन सामने.

मग खरं कारण काय? जगात दहातला एखादाच माणूस डावखुरा असतो, पण मेजर लीगच्या पिचरांत हे प्रमाण साधारण चारांत एक आहे. डावखुरा पिचर दुर्मीळ आणि फलंदाजांना सवयीचा नसलेला, म्हणून महाग. त्यामुळे ज्या डावखुऱ्या पोराचा हात दमदार आहे त्याला लहानपणीच पिचर केलं जातं. कॅचरलाही दमदार हातच लागतो, पण तो तोवर संपलेला असतो. वर शाळेच्या किटमध्ये डावखुऱ्याचा कॅचर-मिट नसतो, कारण डावखुरे कॅचर नसतात. आणि डावखुरे कॅचर नसतात, कारण मिट नसतो. हे खरं उत्तर भूमितीच्या उत्तरापेक्षा कितीतरी मजेदार आहे. त्यात बाजारभाव आहे, सवय आहे, बालपण आहे. 'असंच असतं' म्हणणाऱ्याने मला फक्त गप्प केलं नाही, त्याने हे सगळं माझ्यापासून आणि स्वतःपासूनही लपवलं.

कॅचरच्या प्रश्नात नुकसान माझ्यासारख्या एखाद्याचं होतं. राखीव पिचरच्या प्रश्नात अख्खे मोसम बुडतात.

शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी 'सेव्ह' नावाचा आकडा कल्पिला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. थोडक्या आघाडीवर असलेला सामना शेवटपर्यंत राखून संपवणाऱ्या पिचरच्या नावावर एक सेव्ह लागते. कामाची नोंद ठेवायला हा आकडा आला, पण हळूहळू कामच आकड्याच्या मागे जायला लागलं. सगळ्यांत चांगला राखीव पिचर नवव्या इनिंगसाठी, आघाडी असतानाच वापरायचा, ही रीत पडली. सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असोत, तो बसूनच.

४ ऑक्टोबर २०१६. टोरंटोत बाल्टिमोरचा एकच सामना, हरला तो घरी. बाल्टिमोरकडे झॅक ब्रिटन होता. त्या मोसमात सेव्हच्या ४७ संधी आणि ४७ सेव्ह. २-२ अशी बरोबरी, सामना जादा इनिंगमध्ये गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी एकामागून एक पिचर आणले, ब्रिटनला नाही. तो आघाडीची वाट बघत होता. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासिऑनने उबाल्डो हिमेनेझचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला, तीन धावा झाल्या आणि बाल्टिमोरचा मोसम संपला. ब्रिटनने एकही चेंडू टाकला नाही. त्याच महिन्यात क्लीव्हलंडच्या टेरी फ्रँकोना यांनी आपला सर्वोत्तम राखीव पिचर अँड्र्यू मिलर पाचव्या, सहाव्या, जिथे आग लागेल त्या इनिंगमध्ये आणला. अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी मिलर ठरला. "चांगला पिचर आत्ता का नाही?" हे पहिल्यांदा सामना बघणारी आजीसुद्धा विचारेल. आजीचं बरोबर होतं.

बंटचंही तसंच. पहिल्या बेसवर धावपटू आणि कुणीच बाद नाही, अशा स्थितीतून त्या इनिंगमध्ये सरासरी ०.९च्या आसपास धावा होतात. स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं की सरासरी ०.७च्या आसपास येते. म्हणजे 'संघासाठी त्याग' म्हणून ज्याची पाठ थोपटली जायची, त्याने बहुतेक वेळा संघाचं नुकसान केलेलं असायचं. एकच धाव हवी असेल, फलंदाज कच्चा असेल, तर गोष्ट वेगळी. पण हे 'तर' कुणीतरी विचारल्यावरच बाहेर आलं.

ते विचारणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचं नाव बिल जेम्स. हा माणूस ना खेळाडू, ना प्रशिक्षक. कॅन्ससमध्ये डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. त्या पाळीत त्याने धावफलकांना नवख्याचे प्रश्न विचारले आणि १९७७ मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढली. पुढे बॉस्टनच्या संघाने त्याला सल्लागार म्हणून नेमलं. २००४ मध्ये ८६ वर्षांनी ते विजेते ठरले. श्रेय एकट्याचं नाही. पण दार ठोठावणारा बाहेरचा होता, हे विसरता येत नाही.

दुर्दैवाने बिल जेम्सचे वारस आता आत बसलेत आणि त्यांनी दाराला कडी लावलीय. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना घ्या. टँपा बेचा ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत नऊ जणांना स्ट्राइकआउट करून १-० ने पुढे होता. पुढच्या तीन फलंदाजांना त्याने त्या रात्री सहाच्या सहा वेळा स्ट्राइकआउट केलं होतं. केव्हिन कॅश यांनी त्याला सहाव्या इनिंगमध्ये काढलं. पिचरला फलंदाज तिसऱ्यांदा सामोरे जातात तेव्हा जास्त धावा काढतात, हे सरासरीचं सत्य. त्याच्या जागी आलेल्या पिचरला पहिल्याच फलंदाजाने, मुकी बेट्सने, फटकावलं. डॉजर्सनी सामना आणि विजेतेपद नेलं. निकालावरून निर्णय चुकीचा ठरत नाही, हे मला कळतं. माझा आक्षेप वेगळा आहे. "का काढलं?" असं विचारणाऱ्या लाखो लोकांना 'तुम्हाला गणित कळत नाही' असं सांगितलं गेलं. सरासरी ही सगळ्या पिचरांची असते, मैदानावर त्या रात्री एक विशिष्ट माणूस होता. त्या माणसाबद्दलच्या प्रश्नाला सरासरी फेकून मारणं म्हणजे इस्त्री केलेलं 'असंच असतं'.

कुणी म्हणेल, अरे, खेळ आहे, मजा घे की. पण आमच्याकडे टीव्हीसमोर बसून 'स्लिप का काढली' म्हणत कर्णधाराला झापणारे काका मजाच घेत असतात. 'का' विचारणं हीच प्रेक्षकाची खेळी.

मी रोज कोड लिहितो. न कळणारी ओळ पुसून टाकू नये, हे मलाही माहीत आहे. एखादी जुनी ओळ कुठला तरी डोलारा सावरून धरत असते. पण ती का आहे हे शोधायलाच हवं. पहिल्या नोकरीत एका मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, हा प्रोग्राम रोज रात्री दोनला बंद करून पुन्हा का चालू करतात? सगळे हसले. व्हिसावर असलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. प्रश्नामुळे तुम्ही बाहेरचे आहात हे उघड होतं आणि बाहेरच्याला ते परवडत नाही. 'असंच असतं'ची खरी किंमत अशी माणसं मोजतात, आणि ती कुठल्याच धावफलकावर दिसत नाही.

या वर्षी मी डावखुऱ्याचा कॅचर-मिट ऑनलाइन शोधून मागवला आणि सरावाला घेऊन गेलो. कॅप्टनने खांदे उडवून बसू दिलं. चार इनिंग मजेत गेल्या. पाचव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरून एक जण घराकडे सुटला. तो माझ्या डाव्या बाजूने आला, माझा ग्लव्ह उजव्या हातात. अंगावरून हात वळवून त्याला शिवेपर्यंत तो घसरत पोचला होता. कॅप्टन म्हणाला, "बघ, म्हणून."

मी म्हटलं, हे पहिल्यांदाच कारण सांगितलंस. पुढच्या इनिंगलाही मीच बसतो, पाय कुठे ठेवायचा ते बदलून बघू. त्याने मिट माझ्याकडे परत फेकला.