नोंद नसलेली मुलं

पेण तालुक्यातलं जोहे गणपतीच्या मूर्तींमुळे दूरवर ठाऊक आहे. याच तालुक्यातल्या कातकरी वाड्या मात्र दिवाळीनंतर रिकाम्या होऊ लागतात. बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. मुलंही जातात, शाळा अर्ध्यावर टाकून.

या अंकाचा विषय आहे निर्वासित आणि राज्यविहीन मुलं. मग त्यात कातकरी कशाला? ते तर या मातीतले, भारताचेच नागरिक. प्रश्न रास्त आहे. पण जन्म भट्टीवर झाला आणि नोंद राहून गेली, की जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, घरकुल असं एकेक अडत जातं. २०२३ साली केंद्राने अतिमागास आदिवासी गटांसाठी 'पीएम-जनमन' योजना आणली. कातकरी तिच्यात आहेत, पण लाभ घ्यायचा तर कागद हवेतच. म्हणून छावणीतल्या मुलाशेजारी आम्ही भट्टीवरचं मूल ठेवलं आहे.

छावण्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका-मुलं. परक्या मुलांसाठी तिथे शाळा निघाल्या! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि उल्हासनगर वसलं. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर मात्र भारताने आजवर सही केलेली नाही. ती करावी, असं आमचं मत आहे.

पेण-रोह्यातले शिक्षक, अंगणवाडीताई, ग्रामसेवक आणि भट्टीमालकसुद्धा, तुम्ही पाहिलेलं आम्हाला लिहून कळवा. मतभेद असतील तर तेही कळवा, पुढच्या अंकात छापू.